एका बोलीचा अवशेष : संगणकाच्या गाभ्यातील एका दोषाचा इतिहास

दोंडाईचा येथील मिरचीच्या बाजारात बोलीसंग्रहाच्या निमित्ताने बसण्याचा योग प्रस्तुत लेखकास अनेकदा आला आहे. तापीखोऱ्यातील या गावी अहिराणी बोलणारा शेतकरी, गुजर वस्तीतील त्याचा शेजारी, सातपुड्याच्या बाजूने उतरलेला भिल्ल, गुजरातेतून आलेला खरीददार आणि प्रमाण मराठीत पावती लिहिणारा आडत्याचा मुनीम एकाच ढिगाभोवती उभे असलेले दिसतात. मालाचा सौदा सुरू होण्यापूर्वी त्यांच्यात आणखी एक लहानसा सौदा उरकला जातो, तो भाषेचा. ‘काय भाव शे?’ असे एकाने विचारले की दुसरा क्षणभर अंदाज घेतो. त्यास अहिराणी येत असेल तर ‘शे’ला ‘शे’नेच उत्तर मिळते, येत नसेल तर ‘छे’ किंवा ‘आहे’ पुढे येते, आणि मग सारा व्यवहार त्या ठरलेल्या बोलीत चालतो. हा ठराव कोणी तोंडाने बोलून करीत नाही.

संगणकांस मात्र तो शब्दांनी करावा लागतो, आणि त्यासाठी त्या शास्त्राच्या जाणकारांनी जी संज्ञा निवडली ती भाषेच्या अभ्यासकास थबकावयास लावणारी आहे. एका संगणकावरील कागदपत्रे दुसऱ्याने मागून घ्यावीत, एका खोलीतील छपाईयंत्र दहा खोल्यांनी वापरावे, यासाठी मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या कार्यप्रणालीत जो संकेतव्यवहार रूढ आहे त्यास ‘सर्व्हर मेसेज ब्लॉक’, संक्षेपाने एसएमबी, असे म्हणतात. या व्यवहाराच्या निरनिराळ्या आवृत्त्यांस त्याच्या अधिकृत वर्णनात ‘डायलेक्ट’, म्हणजे बोली, असेच नाव दिलेले आहे. मागणारा संगणक प्रथम आपणास येणाऱ्या बोलींची यादी पाठवितो : ‘पीसी नेटवर्क प्रोग्राम १.०’, ‘लॅनमॅन १.०’, ‘लॅनमॅन २.१’, ‘एनटी एलएम ०.१२’ इत्यादी. देणारा संगणक त्यांपैकी आपणास अवगत असलेल्या सर्वांत अलीकडच्या बोलीचा क्रमांक उलट कळवितो आणि संभाषणास आरंभ होतो. यादी जुन्यापासून नव्याकडे जाते. त्यामुळे २००९ मध्ये बाजारात आलेली ‘विंडोज ७’देखील शेजाऱ्याशी पहिला शब्द बोलताना आपल्या घराण्याची वंशावळच वाचून दाखवीत असे.

या वंशावळीच्या एका विस्मृत शाखेत दडून राहिलेला दोष २०१७ साली उघडकीस आला. त्याच्या आधाराने त्या वर्षी दोन मोठे संसर्ग जगभर पसरले, आणि त्यांपैकी दुसऱ्याने महाराष्ट्रातील न्हावाशेवा बंदराच्या एका धक्क्यावरील व्यवहार बंद पाडला. या दोषाची चर्चा आजवर प्रायः सुरक्षाशास्त्राच्या अंगाने झाली आहे. मुळात तो एका नोंदीचे एका बोलीतून दुसऱ्या बोलीत भाषांतर करताना झालेला प्रमाद होता. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने त्याच्याकडे पाहणे अप्रस्तुत ठरू नये, अशी आशा आहे.

एसएमबीचा मूळ आराखडा १९८३ च्या सुमारास आयबीएम कंपनीतील बॅरी फायगेनबाउम यांनी केला. पुढे मायक्रोसॉफ्टने ‘लॅन मॅनेजर’ या नावाने त्याचा विस्तार केला. या सुमारास आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांची भागीदारी होती आणि दोघींनी मिळून ‘ओएस/२’ ही कार्यप्रणाली निर्माण केली. तिची पहिली आवृत्ती डिसेंबर १९८७ मध्ये निघाली. १९८९ च्या १.२ या आवृत्तीत एक नवी सोय आली. प्रत्येक फाइलीस तिच्या मजकुराखेरीज काही विशेषणे जोडता येऊ लागली : तिचा प्रकार, तिचे चिन्ह, तिच्यावरील शेरा. ही विशेषणे एकामागून एक यादीने लिहिली जात आणि यादीच्या माथ्यावर तिची एकूण लांबी नोंदलेली असे. वाचकांनी ही माथ्यावरील नोंद ध्यानात ठेवावी. पुढील सर्व कथा तिच्याभोवती फिरते.

१९९० नंतर भागीदारी मोडली. मायक्रोसॉफ्टने जी प्रणाली आरंभी ओएस/२ ची पुढील आवृत्ती म्हणून योजिली होती ती ‘विंडोज एनटी’ या नावाने जुलै १९९३ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. घर वेगळे झाले तरी जुन्या गिऱ्हाइकांस तोडून चालणार नव्हते. ओएस/२ च्या बोलीत विशेषणांची यादी घेऊन कोणी आला तर ती समजून घेऊन एनटीच्या पद्धतीने पुन्हा लिहून काढण्याची व्यवस्था नव्या प्रणालीत ठेवण्यात आली, आणि ती चोवीस वर्षे तशीच राहिली. मध्यंतरी विंडोजमधून ओएस/२ चे कार्यक्रम चालविण्याची सोय २००१ साली गेली. खुद्द आयबीएमने ओएस/२ ला देण्यात येणारा आधार २००६ च्या अखेरीस थांबविला. त्या बोलीत खरोखरीचे काही मागणारा संगणक जगात जवळजवळ उरला नाही, पण ऐकणारा कान उघडाच होता.

हा कान कोठे होता, हेही पाहिले पाहिजे. कार्यप्रणालीचा एक गाभा असतो; त्यास कर्नल म्हणतात. इतर कार्यक्रम त्याच्या परवानगीने चालतात, त्याच्यावर मात्र कोणाची देखरेख नसते. सामान्य कार्यक्रम चुकला तर गाभा त्यास थांबवितो. गाभाच चुकला तर थांबविणारा कोणी नाही. वेगाच्या सोयीसाठी मायक्रोसॉफ्टने एसएमबीचा ऐकणारा भाग गाभ्याच्या आतच बसविला होता. म्हणजे बाहेरून येणाऱ्या अनोळखी माणसाशी बोलण्याचे काम दरवाजावरच्या शिपायाकडे न ठेवता थेट तिजोरीच्या खोलीत बसलेल्या खजिनदाराकडे सोपविलेले होते.

आता मूळ प्रमादाकडे वळू. भाषांतराचे काम दोन टप्प्यांत होई. प्रथम यादी वाचून तीत किती विशेषणे शुद्ध आहेत हे पाहावयाचे आणि तेवढ्यांस नव्या पद्धतीने लिहावयास किती जागा लागेल याचा हिशेब करावयाचा. वाटेत एखादे विशेषण अशुद्ध, म्हणजे यादीच्या हद्दीबाहेर जाणारे, आढळले तर यादी तेथेच तोडून माथ्यावरील लांबी कमी करून लिहावयाची. दुसऱ्या टप्प्यात हिशेबाप्रमाणे जागा घेऊन, माथ्यावरील लांबी संपेपर्यंत एकेक विशेषण उतरवून काढावयाचे. विचार उत्तम होता. चूक झाली ती कमी केलेली लांबी लिहिण्यात.

ती समजण्यासाठी पुन्हा बाजारातील वखारीत जाऊ. मुनिमाच्या वहीत आलेल्या मालाची बेरीज १,००,००० किलो लिहिलेली आहे. त्यातील १६३ किलो मिरची भिजकी म्हणून बाजूला काढली. तेव्हा बेरीज ९९,८३७ अशी दुरुस्त करावयास हवी. मुनिमाने उजवीकडचे पाच रकाने खोडून त्यांत नवे पाच अंक लिहिले. डावीकडचा सहावा रकाना त्याच्या ध्यानातच आला नाही आणि तेथील १ तसाच राहिला. वहीत आकडा झाला १,९९,८३७. माल कमी झाला आणि बेरीज जवळजवळ दुप्पट झाली! इकडे वखारीतील जागा ९९,८३७ किलोंच्या खऱ्या हिशेबाने राखलेली, आणि हमाल मात्र वहीतील आकडा संपेपर्यंत पोती आणून टाकणार. आपली जागा भरल्यावर ती पोती कोठे जाणार? शेजाऱ्याच्या जागेत.

संगणकात नेमके हेच होत असे. तेथे रकाने दशमान नसून दोनच अंकांचे असतात आणि प्रत्येक रकान्यास बिट म्हणतात. माथ्यावरील लांबीसाठी बत्तीस बिटांची जागा होती, दुरुस्ती करणारी आज्ञा मात्र उजवीकडचे सोळाच बिट लिहीत असे. या दोषाची जी विश्लेषणे पुढे प्रसिद्ध झाली त्यांतील एका उदाहरणात पाठविलेल्या यादीची लांबी ६५,५३६ आहे. ती ६५,३७३ अशी कमी व्हावयास हवी होती, झाली १,३०,९०९. सोळा बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ६५,५३५ आहे हे पाहिले म्हणजे आघात करणाराने एकानेच मोठी संख्या का निवडली याचा उलगडा होतो. त्या एका एककाने सतरावा रकाना उघडला.

ज्या ‘सी’ या संगणकभाषेत ही आज्ञा लिहिलेली होती तीत सोळा बिटांच्या मापास ‘शॉर्ट’ आणि बत्तीस बिटांच्या मापास ‘लाँग’ अशी नावे रूढ आहेत. म्हणजे झालेला प्रमाद अक्षरशः ऱ्हस्वदीर्घाचा होता. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद न पाळणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापताना आपण कठोर झालो की काय, अशी शंका ज्यांस येते त्यांनी हे उदाहरण संग्रही ठेवावे. मायक्रोसॉफ्टने पुढे जी दुरुस्ती केली तीतही या ठिकाणी ऱ्हस्वाचे दीर्घ झाले, एवढेच.

असा दोष इतकी वर्षे कोणाच्या नजरेस कसा पडला नाही? याचे उत्तर इतिहासात आहे. ओएस/२ च्या जुन्या बोलीत एका विनंतीबरोबर पाठवावयाच्या मजकुराची लांबी सोळा बिटांतच सांगता येई. ६५,५३५ पेक्षा मोठी यादी त्या बोलीत उच्चारताच येत नव्हती. डावीकडचे सोळा रकाने नेहमीच रिकामे असत आणि ते न लिहिल्याने काहीही बिघडत नसे. जुन्या बोलीपुरते पाहिले तर मुनीम बरोबरच होता. एनटीने आपली स्वतःची, बत्तीस बिटांची लांबी सांगणारी विनंती नव्याने प्रचारात आणली आणि दोन्ही बोली शेजारी शेजारी नांदू लागल्या. येथे दुसरा दोष उत्पन्न झाला. लांब विनंती अनेक तुकड्यांत पाठविण्याची सोय होती; पहिला तुकडा एनटीच्या पद्धतीचा आणि शेवटचा ओएस/२ च्या पद्धतीचा असला तरी ऐकणारा आक्षेप घेत नसे, आणि संपूर्ण विनंती शेवटच्या तुकड्याच्या बोलीतील समजत असे. वाक्याचा आरंभ एका बोलीत, क्रियापद दुसऱ्या बोलीत, आणि अर्थ क्रियापदावरून. अशी मिश्र वाक्ये आमच्या बाजारात रोज कानी पडतात व त्यांनी कोणाचे नुकसान होत नाही, कारण ऐकणारा माणूस संदर्भावरून अर्थ सावरून घेतो. यंत्राने तसे केले नाही. जी यादी जुन्या बोलीत उच्चारणे अशक्य, ती या मिश्रणाने तिच्या नावावर उच्चारता येऊ लागली.

तिसऱ्या एका दोषाचा उपयोग शेजारची जागा हवी तशी मांडून घेण्यासाठी होई. त्याच्या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही. शेजारी कोण असावा हे आघात करणाराने आधीच ठरविलेले असे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. तो शेजारी म्हणजे येणारा पुढील मजकूर स्मृतीत कोठे ठेवावयाचा याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. ओसंडलेल्या यादीने त्या चिठ्ठीवरील पत्ता बदलला, की पुढचा मजकूर आघात करणाराला हवा तेथे जाऊन पडे, आणि गाभा त्यास आपलीच आज्ञा समजून पाळू लागे. संगणकाच्या मालकाने काही उघडण्याची, कशावर बोट ठेवण्याची गरज नसे. यंत्र चालू असणे आणि ते जाळ्यास जोडलेले असणे पुरेसे होते.

अशा ओसंडण्यास संगणकशास्त्रात स्मृतिसुरक्षेचा भंग म्हणतात, आणि त्याची भीती नवी नाही. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६० नंतरच्या वर्षांत ‘अल्गोल’ या भाषेचा जो अनुवादक तयार केला तो प्रत्येक यादीची हद्द दर वेळी तपासून पाहत असे. ही तपासणी काढून वेग वाढवून हवा का, असे पुढे गिऱ्हाइकांस विचारले असता त्यांनी नको म्हणून सांगितले, ही आठवण होअर यांनी १९८० च्या आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या भाषणात सांगितली आहे. १९७२ मध्ये जेम्स अँडरसन यांनी अमेरिकन हवाईदलासाठी लिहिलेल्या अहवालात अशा ओसंडण्याने गाभा कसा ताब्यात घेता येईल याचे वर्णन आढळते. त्याच सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी भाषा घडविली. ती हद्द तपासत नाही. लिहिणारा जाणता आहे असे गृहीत धरते. कार्यप्रणालींचे गाभे पुढील अर्धशतक प्रामुख्याने याच भाषेत लिहिले गेले. दर वर्षी आपण दुरुस्त करीत असलेल्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतिसुरक्षेचे असतात, हे मायक्रोसॉफ्टच्याच तज्ज्ञाने २०१९ मध्ये सांगितले. रिची यांच्या प्रतिभेविषयी आदर बाळगूनही असे वाटते, की होअर यांच्या त्या गिऱ्हाइकांचे मत अधिक वेळा विचारावयास हवे होते.

२०१७ सालच्या घटनांचा क्रम असा. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेस हा दोष ठाऊक होता, आणि ‘इटर्नलब्लू’ या नावाने त्याचे तयार केलेले हत्यार ती पाच वर्षांहून अधिक काळ वापरीत होती, असे वॉशिंग्टन पोस्ट या पत्राने मे २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. ऑगस्ट २०१६ पासून ‘शॅडो ब्रोकर्स’ असे नाव घेणाऱ्या अज्ञात मंडळींनी संस्थेची हत्यारे चव्हाट्यावर आणण्यास आरंभ केला होता. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १४ एप्रिलला, इटर्नलब्लू सर्वांच्या हाती पडले. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’चा संसर्ग सुरू झाला. संगणकातील फाइली कुलूपबंद करून सुटकेसाठी पैसे मागणारा हा कार्यक्रम सुमारे दीडशे देशांत गेला. इंग्लंडच्या आरोग्यसेवेतील २३६ पैकी ८१ विश्वस्त संस्थांच्या कामात त्याने व्यत्यय आणला आणि रुग्णांस परत पाठवावे लागले. आपल्याकडे आंध्र प्रदेशातील पोलिसांचे काही संगणक त्याच्या तावडीत सापडले. मार्कस हचिन्स या तरुण इंग्रज अभ्यासकाने त्या कार्यक्रमात लिहिलेला एक बेवारस पत्ता आपल्या नावे नोंदविताच प्रसार थांबला. मायक्रोसॉफ्टने १३ मे रोजी विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. या प्रणालीचा आधार २०१४ मध्येच संपलेला होता.

सहा आठवड्यांनी, मंगळवार २७ जून रोजी, दुसरा संसर्ग आला. त्यास ‘नॉटपेट्या’ हे नाव पडले. युक्रेनमध्ये करभरणीच्या हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका कार्यक्रमाच्या सुधारित आवृत्तीतून तो सोडण्यात आला. त्याचा सूत्रधार रशियाचे लष्करी हेरखाते होते, असा ठपका अमेरिका व ब्रिटन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये ठेवला. वरवर तोही खंडणी मागत होता, पण पैसे देऊनही फाइली परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. युक्रेनमध्ये कचेरी असलेल्या परदेशी कंपन्यांच्या अंतर्गत जाळ्यांतून तो काही तासांत समुद्रापार गेला. अशा कंपन्यांत डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी होती, आणि मर्स्कच्या एपीएम टर्मिनल्स या शाखेकडे न्हावाशेवा येथील ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ या धक्क्याचे चालकत्व होते.

उरण तालुक्यातील न्हावाशेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. २०१७ मध्ये ते कंटेनरवाहतुकीत देशात पहिल्या क्रमांकाचे होते. खानदेशाचा माणूस समुद्रापासून दूर असला तरी या बंदराशी त्याचा संबंध निकटचा आहे. जळगावकडची केळी शीतपेट्यांत भरून तेथूनच आखाती देशांस जातात. गेटवे टर्मिनल्सचा धक्का २००६ पासून चालू असून त्याची क्षमता वीस फुटी मापाने वर्षाला सुमारे १८ लाख कंटेनरांची होती. अशा धक्क्यावर माल उचलणाऱ्या याऱ्या कितीही प्रचंड असोत, खरे काम चालते ते याद्यांवर. कोणता कंटेनर कोणत्या ओळीत, कितव्या थरात आहे; तो कोणाचा आहे; जकातीचे काम झाले आहे की नाही; कोणत्या मालमोटारीवर चढवावयाचा आहे; हे सारे संगणकाच्या यादीत असते. यादी गेली की लोखंडाचे एकसारखे हजारो पेटारे तेवढे उरतात. कोणता माल कोणाचा हे ओळखता येत नाही, अशी अडचण बंदराच्या अध्यक्षांनी त्या वेळी वार्ताहरांस सांगितली. व्यवहार हाताने करण्याचा प्रयत्न झाला, काही जहाजे त्याच बंदरातील इतर धक्क्यांकडे वळविण्याची खटपट झाली, आणि बाहेर तुंबलेल्या मालमोटारींसाठी उभे राहण्याची जागा शोधावी लागली. त्या मोटारींचे चालक जून अखेरच्या पावसात ज्या कारणासाठी थांबून राहिले, त्याचा एक धागा १९८९ सालच्या विशेषणांच्या यादीपर्यंत पोहोचतो.

यातील एक विसंगती सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रत्येक कंटेनरावर चार अक्षरे आणि सात अंक रंगविलेले असतात. शेवटचा, सातवा अंक हा आधीच्या अक्षरांवरून व अंकांवरून गणिताने काढलेला ताळ्याचा अंक असतो. धक्क्यावरच्या कारकुनाने एखादा अंक चुकीचा उतरवून घेतला तर ताळा जमत नाही आणि चूक तत्काळ ध्यानात येते. पत्र्यावर रंगाने लिहिलेल्या क्रमांकाची जी काळजी घेतली जाते, ती त्या क्रमांकांच्या याद्या सांभाळणाऱ्या यंत्राच्या गाभ्यात लांबी लिहिताना कोणी घेतली नव्हती.

तथापि न्हावाशेवाच्या खोळंब्याचे सर्व खापर इटर्नलब्लूवर फोडणे इतिहासाच्या दृष्टीने बरोबर होणार नाही. नॉटपेट्याला पसरण्याचे दोन मार्ग होते. एक उपर्युक्त दोषाचा; दुसरा, ज्या यंत्रात प्रवेश मिळाला त्याच्या स्मृतीतून व्यवस्थापकांचे परवलीचे शब्द उचलून ते पुढच्या यंत्रावर वापरण्याचा. दुरुस्ती केलेले संगणकही या दुसऱ्या मार्गाने पडले. एखाद्या जाळ्यात दुरुस्ती न केलेले एक यंत्र सापडले, आणि तेथून कोणा अधिकाऱ्याची किल्ली हाती लागली, की बाकीची दारे त्या किल्लीने उघडत. मर्स्कला पुढील दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगितले. नुकसानीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलरांचा होता. कंपनीच्या जाळ्यातील नावांची व अधिकारांची मूळ नोंदवही जगभर पुसली गेली होती. तिची एक प्रत घाना देशातील कचेरीत शाबूत सापडली, कारण संसर्गाच्या वेळी तेथील वीज गेलेली होती! भारनियमनाची सवय असलेल्या वाचकांस विजेच्या खोळंब्याचा असा उपयोग प्रथमच ऐकावयास मिळत असेल.

आता ज्या प्रश्नाने प्रस्तुत लेखकास या विषयाकडे ओढले त्याकडे येतो. बोली टिकाव्यात, त्यांची नोंद व्हावी, त्या बोलणाऱ्यांस कमीपणा वाटू नये, हे आमच्या शास्त्राचे जवळजवळ व्रतच आहे. ग्रिअर्सनने १९०७ साली आपल्या भाषापाहणीच्या नवव्या खंडात खानदेशीला मराठीच्या खंडाबाहेर, भिल्ल बोलींच्या शेजारी बसविले, तेव्हापासून अहिराणी कोणाची हा वाद चालू आहे. पण ती राहावी की जावी, असा वाद कोणा अभ्यासकाने केलेला नाही. या प्रकरणात मात्र सुज्ञ माणसे उलट सांगत होती. मायक्रोसॉफ्टने एसएमबीची पहिली पिढी २०१३ मध्येच त्याज्य ठरविली होती, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये तिच्या नेड पाइल या तज्ज्ञाने ती वापरणे थांबवा म्हणून जाहीर विनवणी केली होती. ते ऐकले गेले नाही, याचे कारण केवळ आळस हे नव्हे. कचेऱ्यांतून अशी छपाईयंत्रे आणि प्रती काढणारी यंत्रे होती की ज्यांस हीच बोली येत होती. आमच्याकडे यंत्र बंद पडेपर्यंत बदलण्याची रीत नाही, आणि तीत गैर असे काही नाही.

मग जपणूक चूक होती काय? माझे उत्तर असे, की येथे बोलीची जपणूक झालीच नव्हती. अहिराणीत ‘शाळा’ची ‘शाया’ होते. ती उच्चारणारे मूल चुकले तर घरातील आजी त्यास तत्काळ टोकते. बाजारात अर्थ लागला नाही तर ऐकणारा पुन्हा विचारतो. अशा रोजच्या टोकण्याने जिवंत बोलीचे व्याकरण शाबूत राहते. एसएमबीच्या पहिल्या पिढीतील छपाईयंत्राशी बोलण्याचा भाग रोज वापरात होता, आणि त्यातील चुका म्हणूनच वेळोवेळी सापडल्या. ओएस/२ च्या विशेषणांची शाखा तशी नव्हती. तीत प्रामाणिक बोलणारा कोणी राहिला नाही. ऐकणारा तेवढा जागा राहिला, आणि त्याच्याशी बोलावयास आला तो चोर. दोन बोलींची मिश्र वाक्ये त्याने इतकी बारकाईने रचली, की ती बोली त्याच्याइतकी त्या काळी कोणासच येत नसावी.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१७ पासून विंडोज १० च्या नव्या प्रतींत एसएमबीची पहिली पिढी आपोआप बसविणे बंद केले. पण केवळ जुनेपणास दोष देणाऱ्यांस मार्च २०२० मध्ये गप्प बसावे लागले. त्या महिन्यात ‘एसएमबीगोस्ट’ या नावाने ओळखला जाणारा दोष उघडकीस आला, आणि तो होता ३.१.१ या सर्वांत नव्या बोलीत. मजकूर दाबून लहान करून पाठविण्याची सोय त्या बोलीत विंडोज १० च्या २०१९ मधील आवृत्तीपासून मिळाली होती. आलेला मजकूर उलगडण्यास किती जागा लागेल हे काढण्यासाठी पाठविणाऱ्यानेच सांगितलेल्या दोन संख्यांची बेरीज गाभा करीत असे. दोन्ही बत्तीस बिटांच्या. बेरीज तेहतिसाव्या रकान्यात गेली तर तो हातचा लिहावयास जागा नव्हती, आणि तो गळून पडे. मोठ्या मजकुरासाठी लहानशी जागा राखली जाई. १२ मार्च २०२० रोजी आलेल्या दुरुस्तीने बेरीज करण्यापूर्वी हातचा येतो काय एवढे पाहावयास सुरुवात केली.